जित्या सवतीचा टाक

"पहिली बायको कधी वारली?" मी विचारलं.

"वारली न्हाय," सोजरबाई म्हणाली. "येरवड्याला ऱ्हाती."

मी पेन खाली ठेवलं. माझ्यासमोर तिनं लष्कराच्या कचेरीला केलेल्या अर्जाची झेरॉक्स होती. त्यात पहिल्या पत्नीचं नाव इंदुबाई, आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरांत 'मयत'. खाली सोजरबाईचा अंगठा.

"मग मयत का लिहिलंत?"

"आमच्या घराला मेलीच की!"

शनिवार पेठेत माझी वकिलीची कचेरी आहे. जिन्यात मी पाटी लावली आहे : 'कोर्टात काय सांगायचं ते नंतर पाहू, आधी मला खरं सांगा.' लोक ती वाचतात, हसतात आणि वर येऊन खोटं बोलतात. या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती माझ्याशी खरं बोलली. सरकारशी मात्र आधीच खोटं बोलून बसली होती. आणि तिला ते खोटं वाटतच नव्हतं, हे त्याहून वाईट.

"मंदाकिनीबाई, उगा डोळं नका वटारू," ती म्हणाली आणि पदराआडून काळा दोरा बाहेर ओढला. त्यात चांदीचा नखाएवढा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती कोरलेली. "ह्यो बघा टाक. माज्या सवतीचा. सासूनं घडवला, आन् लग्नात माज्या गळ्यात घातला. मेल्याबिगर टाक घडवत्यात व्हय?"

पहिली बायको मेली की दुसरीनं तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली कोपत नाही, ही रीत मला ऐकून माहीत होती. पण जिवंत बाईचा टाक मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. सोजरबाईच्या नवऱ्याची, भैरूची, इंदुबाईशी फारकत झाली त्या दिवशी भैरूच्या आईनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि गावभर सांगितलं, सुनेच्या नावानं आंघोळ केली. त्या घरात एवढ्यावर माणूस मरतं. मग रीतीप्रमाणे टाकही आला. हे सगळं मी लष्कराच्या कारकुनाला कोणत्या कलमाखाली समजावणार होते?

सोजरबाई खडकवासल्याच्या अलीकडच्या गावातली. आता ते महानगरपालिकेत आलंय, म्हणजे कर आले आणि पाणी यायचंय. धरण दारात, आणि हिच्या घरी टँकर. नवरा भैरू फौजेत हवालदार होता. त्याची सगळी नोकरी सरहद्दीवर गेली आणि हिची गावात, खाष्ट सासूच्या हाताखाली, दोन म्हशींच्या मागे. नवऱ्याची छावणी तिनं कधी पाहिली नाही. बायकांना क्वार्टर मिळे, पण फौजेच्या कागदावर बायको म्हणून नाव इंदुबाईचं होतं. भैरूनं ते कधी बदललंच नाही. एकदा विचारलं तर कारकून म्हणाला, फारकतीचा कोर्टाचा कागद आण. गावातली फारकत पंचांसमोर काडी मोडून झालेली, तिचा कसला कागद? "सोडलेल्या बाईला कोर्टात कशापायी वढायची," असं म्हणून भैरूनं विषय मिटवला तो मिटवला. सोजरबाईनंही पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याचा हा चांगुलपणाच, असं ती मला सांगत होती. मी ते लिहून घेतलं.

पोरंबाळं झाली नाहीत. सासूचं हिनं शेवटची पाच वर्षं अंथरुणात केलं. भैरू पेन्शनीत आला, दोघं मिळून दूध घालायला लागली. चाऱ्याचं रान भावकीनं बिल्डरला दिलं, तेव्हा म्हशी विकल्या. मग उरली ती पेन्शन, आणि मिलिटरीच्या दवाखान्याचं कार्ड. भैरू गेला आणि दोन्ही थांबली. कचेरीचं म्हणणं सरळ होतं : आमच्याकडे हवालदाराची पत्नी इंदुबाई आहे. ती मयत असेल तर दाखला आणा, नसेल तर कोर्टाचा हुकूम आणा. कचेरी चुकली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं.

म्हणजे कोर्टानं सोजरबाईला भैरूची बायको म्हटलं तर तिच्या चुलीवर काही शिजणार होतं. नाही म्हटलं तर ती पस्तीस-चाळीस वर्षं एका परक्या पुरुषाच्या घरात राहिलेली बाई ठरणार होती. गावात याला जो शब्द आहे तो भावकीनं वापरायला सुरुवातही केली होती.

"पैसं न्हाय मिळालं तर म्या चार घरची भांडी घाशीन," ती म्हणाली. "पर ठेवल्याली म्हनून मरायची न्हाय."

मी दावा लावला.

काडीमोड खरोखर झाली होती हे सिद्ध करायचं होतं. त्यांच्या समाजात अशी फारकत चालते हे सांगायला धोंडिबा नावाचा जख्ख म्हातारा मिळाला. त्यानं ठणठणीत साक्ष दिली. पण भैरूच्या काडीमोडीला तो हजर नव्हता. जे पंच हजर होते ते एकेक करून वर गेलेले. भैरू गेलेला. म्हणजे त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर काय झालं ते पाहिलेलं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते आमच्या विरुद्ध पक्षात होतं.

मी येरवड्याला गेले. इंदुबाईनं काडीमोडीनंतर दुसरं लग्न केलं होतं. तो नवराही गेलेला. मुलगा पृथ्वीराज, पाण्याच्या टँकरचा धंदा. सोफ्यावर ऐसपैस बसून तो माझ्याशी बोलला. इंदुबाई आतल्या दाराशी जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. बारीक, ताठ कण्याची बाई. सून तिच्या अंगावरून ये-जा करत होती.

"मॅडम, सिंपल आहे," पृथ्वीराज म्हणाला. "मिलिटरीच्या रेकॉर्डला आईचं नाव आहे. आईला पेन्शन मिळायला पाहिजे. आमची काही काडीबिडी मोडलेली नाही."

"काडी मोडली नसेल तर आई भैरूचीच बायको राहिली," मी म्हटलं. "मग तुमच्या वडिलांशी तिचं लग्न झालंच नाही. पेन्शन आईला मिळेल, छान. तुम्ही कुणाचे, ते आधी ठरवून ठेवा."

तो ताडकन उभा राहिला. अशा वेळीही कायदा मुलांना औरसच धरतो, हे मला माहीत होतं. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

"बाहेर व्हा," तो म्हणाला.

जाताना मी इंदुबाईकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही, पण शेंगा सोलायचे हात थांबले होते.

आणि तिला तरी मी का दोष द्यावा? त्या घरात तिला चहा किती वाजता मिळायचा हे सुनेच्या मर्जीवर होतं. स्वतःच्या नावानं दरमहा पैसे आले असते तर तिनं नको का म्हणावं? या खटल्यात वाईट माणूस असा एकच होता, तो पृथ्वीराज. बाकी दोन म्हाताऱ्या होत्या आणि भाकरी एकीपुरतीच होती.

सोजरबाईच्या साक्षीच्या आदल्या दिवशी मी तिला बजावलं. "उद्या तो टाक काढून या."

"काढला तर सवत कोपती."

"अहो, सवत जिवंत आहे! कोपायचं तर तिकडे कोपेल, येरवड्याला!"

"जिती कोपली तर जास्तीच वाईट," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरच्या कोर्टात टाक घालूनच आली. पदराच्या वर, सगळ्यांना दिसेल असा. मी कपाळावर हात मारून घेतला.

पृथ्वीराजनं वकील दिला होता केयूर. तरुण, हुशार, बोलायला गोड. सरकारी वकिलानं आधीच सांगून टाकलं होतं की कोर्ट जिला पत्नी म्हणेल तिला आम्ही पेन्शन देऊ. त्यामुळे झुंज केयूरची आणि माझी होती. त्यानं उलटतपासाला सुरुवात केली तीच मुळी टाकावर बोट ठेवून.

"आजी, गळ्यात काय आहे?"

"टाक हाय."

"कोणाचा?"

"माज्या सवतीचा. इंदुबाईचा."

"असा टाक कधी घालतात?"

सोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सवत मेली की."

"इंदुबाई जिवंत आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"अर्जात 'मयत' लिहिलं तेव्हाही?"

"व्हय."

केयूरनं आवाज आणखी मऊ केला. "म्हणजे पेन्शनसाठी तुम्ही जिवंत बाईला मारलंत."

"पेन्शन आत्ता बंद झाली बाबा, टाक लगनातला हाय," सोजरबाई म्हणाली. "पेन्शनीसाटी मारायला तवा काय पेन्शन व्हती?"

कुणीतरी मागे हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून सांगितलं की साक्षीदारानं सरकारी अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं दिसतं, आणि याचा विचार निकालाच्या वेळी करावा लागेल. मला त्याचा अर्थ कळला. नुसता दावा जाणार नव्हता, वर बाईवर गुन्हाही दाखल होऊ शकत होता. पिंजऱ्यातून उतरून सोजरबाई माझ्यामागे बाहेर आली.

"काय चुकलं माजं?" तिनं व्हरांड्यात विचारलं.

"सगळं खरं बोललात, तेच चुकलं," मी खेकसले. मग तिचा चेहरा पाहून तिच्यासाठी चहा मागवला. तो तिनं घेतला नाही.

पुढच्या तारखेला इंदुबाईची साक्ष होती. तिचं प्रतिज्ञापत्र केयूरनं तयार केलं होतं : भैरूशी माझं लग्न झालं, ते कधीही मोडलं नाही, मीच त्याची कायदेशीर पत्नी. खाली अंगठा. पृथ्वीराज पहिल्याच बाकावर, आईसमोर. मागच्या बाकावर सोजरबाई, आणि गळ्यात पुन्हा तो टाक. आता बोलून उपयोग नव्हता.

मी उलटतपासाला उभी राहिले. हातात कागद नाही, साक्षीदार नाही. विचारायला एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर ती खोटं देऊ शकत होती. दिलं तर मला काहीही करता येणार नव्हतं.

"इंदुबाई, मारुतीच्या देवळासमोर पंचांपुढे काडी मोडली होती का?"

पृथ्वीराज खाकरला. इंदुबाईची नजर त्याच्यावरून निघाली आणि मागच्या बाकावर जाऊन थांबली.

"तिनं गळ्यात काय घातलंय त्ये?" तिनं विचारलं.

"प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"देती की. पैलं मला सांगा त्ये काय हाय. सवतीचा टाक हाय न्हवं? भैरूला तिसरी बायकू न्हवती. मंग त्यो टाक माजाच न्हवं?"

केयूरच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जिवंतपणी आपला टाक पाहून कुठली बाई गप्प बसेल? मला वाटलं, संपलं. आता ही चवताळणार, आणि खरं असलं तरी खोटं सांगणार.

"म्हातारीनं मारलं मला," इंदुबाई स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं, थेट सोजरबाईला : "आन् काय काय केलं माज्या नावानं?"

"पितरपाटात नवमीला पान वाढती," मागून सोजरबाई बोलली. पट्टेवाला तिच्याकडे धावला, पण ती उभीच राहिली. "पुरनाची पोळी, हिरवी चोळी. सवाशीन गेल्याली म्हनून. दर सालाला. तुजं पान वाढल्याबिगर म्या जेवली न्हाय बाई कदी."

"बसा खाली!" न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "मध्ये बोलायचं नाही. साक्षीदार, शेवटचं विचारते. काडी मोडली होती की नव्हती?"

इंदुबाईनं दोन्ही हातांनी पिंजऱ्याची कड धरली.

"मोडली व्हती."

"आई!" पृथ्वीराज ओरडला.

"गप ऱ्हा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू मला पोळी कदी वाढलीस त्ये आठव आदी."

त्याला बाहेर जायला सांगितलं गेलं. तो गेला, आणि जाताना दार केवढ्यानं तरी आपटलं.

"कोणी मोडली?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. कागदोपत्री माझं काम झालं होतं. पण वकिलाच्या जिभेला सवय असते.

"काडीचं येक टोक त्याच्या हातात दिलं, येक माज्या," इंदुबाई म्हणाली. "पंच म्हनलं मोडा. त्यो मोडंना. उबा ऱ्हायला नुसता, डोळं गाळत. सासूनं माजी हाडं मोडली व्हती, तवा ह्यो सरहद्दीवर. आन् आता रडतुया! मला ऱ्हायचं न्हवतं तितं. म्याच वढली काडी. म्या मोडली. लोक म्हनत्यात भैरूनं सोडली. त्यानं न्हाय सोडलं मला. म्या सोडलं त्याला."

स्टेनोनं ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. या एका उत्तरावर मी खटला जिंकले, हे मला त्या क्षणी कळलं. मी वळून सोजरबाईकडे पाहिलं. ती आता खाली बसली होती. तोंडावर आनंद नव्हता. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं आणि ती ते सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. नवऱ्यानं पहिलीचं नाव कागदावरून का काढलं नाही, याचा तिनं आयुष्यभर जपलेला अर्थ भर कोर्टात खोटा ठरला होता. आणि तो खोटा ठरला म्हणूनच ती त्याची बायको ठरणार होती. असली जीत मी कुणासाठी मागणार नाही.

रिक्षातून आम्ही लकडी पुलावर आलो. सोजरबाई म्हणाली, "रडला व्हता म्हनं."

"तरुण होता हो," मी म्हटलं.

"माज्यासाटी कदी रडला न्हाय. म्या कुटं गेलीच न्हाय न्हवं, रडायला."

निकाल लागायला पावसाळा उजाडला. काडीमोड सिद्ध, सोजरबाई ही भैरूची कायदेशीर पत्नी. 'मयत' या शब्दाबद्दल न्यायाधीशबाईंनी लिहिलं की अर्जदारानं असा खोटा मजकूर द्यायला नको होता, परंतु त्यामागे फसवणुकीचा हेतू दिसत नाही. गुन्ह्याचं संकट टळलं. मी निकाल वाचून दाखवला तेव्हा सोजरबाईनं 'पत्नी' हा शब्द परत वाचायला लावला. नंतर अजून एकदा.

इंदुबाई त्या दिवशी कोर्टात एकटीच आली होती. मुलगा आला नव्हता. साक्षीपासून घरात तिच्याशी कुणी बोलत नाही, असं ती सहज बोलून गेली. जणू टँकर आला नाही असं सांगावं.

सोजरबाईनं व्हरांड्यातच गळ्यातला दोरा सोडला आणि टाक तिच्यापुढे धरला.

"घे बाई. जित्या मानसाचा टाक म्या घातला, माजं चुकलं. तुजा तू घे. नदीत सोड न्हायतर मोडून टाक."

इंदुबाईनं तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "म्हातारीनं नाक बगा कसलं फेंदारं काडाय लावलंया," ती म्हणाली. मग तिनं तो परत सोजरबाईच्या हातात दिला आणि तिची मूठ मिटली.

"ऱ्हाऊ दे तुज्याच गळ्यात. आज ना उद्या लागनारच हाय. आन् माज्या घरात म्या मेल्यावर पान कोन वाढनार हाय?"

सोजरबाईला गाठ मारता येईना. शेवटी मीच तिच्या मागे जाऊन दोरा बांधला. माझा चष्मा धुरकटला होता, पण गाठ बसली.

"औंदाच्या नवमीला," सोजरबाई इंदुबाईला म्हणाली, "पान वाढल्यालं असतंयच. तवर मरू नगंस. येऊन जेव."